आई-बाबा बर्लिनला आलेत, तळ्याकाठी कुठे न्यावं?

मे महिना लागला की बर्लिनमधल्या मराठी घरांत एकच विषय असतो. आई-बाबा येताहेत, तीन महिने राहणार आहेत, त्यांना फिरवायचं कुठे? ब्रांडेनबुर्गर टोर, म्युझियमं, नदीतली बोट हे सगळं पहिल्या दहा दिवसांत उरकतं. मग आपण ऑफिसात आणि ती दोघं खिडकीशी. गेल्या दोन उन्हाळ्यांत मी आधी आई-बाबांना आणि मग सासूबाईंना घेऊन इथल्या तळ्याकाठच्या वाटा पालथ्या घातल्या. बाबा एकाहत्तर वर्षांचे, पण रोज चालणारे. आईचे गुडघे दुखतात. सासूबाईंची तब्येत उत्तम, फक्त कुत्रं दिसलं की पाऊल पुढे पडत नाही. तिघांना मिळून एकच वाट सुचवता येणार नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

हा सगळा मुलूख हिमयुगातल्या बर्फाने घडवला. बर्फ वितळून मागे हटला तेव्हा वाळूचे थर राहिले आणि खोलगट चरांमध्ये पाणी साठलं. त्यामुळे जमीन सपाट, वर पाइन आणि बीचची झाडं आणि मधे मधे तळी. आपल्याकडे रानात चालायला निघालं की घाट-चढण आलीच, इथे तसं नाही. तरीही 'सपाट' या एका शब्दावर विसंबू नका. किती किलोमीटर आहे यापेक्षा मधेच थकवा आला तर सुटका कुठे, बाक किती आणि शौचालय कुठे, हे आधी बघा. मोठ्या माणसांच्या बाबतीत वाट यावरच ठरते.

माझा कौल आधीच सांगते. पहिल्यांदा न्यायचं तर श्लाख्टनझे आणि त्याला लागून असलेलं क्रुमे लांके. ('झे' म्हणजे तळं.) ही दोन्ही ग्रुनेवाल्ड जंगलातल्या तळ्यांच्या माळेतली, शहराच्या हद्दीतच, म्हणजे साधं एबी तिकीट (शहरापुरत्या ए आणि बी या भाडे-विभागांचं) पुरतं. एस-बान म्हणजे इथली लोकल, तिच्या एस १ गाडीतून श्लाख्टनझे स्टेशनवर उतरलं की पाच मिनिटांत पाणी दिसतं. मोठ्या तळ्याचा फेरा साधारण साडेपाच किलोमीटरचा, क्रुमे लांकेचा त्याच्या निम्मा. पण खरी सोय वेगळीच आहे. या जागेला सुटायच्या वाटा भरपूर. श्लाख्टनझे स्टेशन काठावर, निकोलासझे स्टेशन पश्चिम टोकाजवळ, मेक्सिकोप्लात्स पूर्वेकडे थोडं आत, आणि क्रुमे लांकेच्या बाजूला उ ३ या मेट्रोचं शेवटचं स्टेशन. आई अर्ध्यावर म्हणाली, "बास गं, आता नाही," तर कुठूनही वीस-पंचवीस मिनिटांत गाडी गाठता येते. हे तिला आधी सांगून ठेवलं होतं, आणि मला वाटतं त्यामुळेच ती अख्खा फेरा चालली.

दोन तळ्यांच्या मधोमध फिशरह्युटं नावाची जुनी खानावळ आहे, झाडांखाली बाकडी मांडलेली. तिथे शौचालय मिळतं, कॉफी मिळते, बटाट्याचं काहीतरी मिळतंच. आम्ही थालीपिठं घरून नेली होती, ती मात्र अलीकडच्या बाकावर बसून खाल्ली.

तिथेच बाबांनी पाण्याकडे बोट दाखवलं. काळे पक्षी, कपाळावर पांढराशुभ्र टिळा, मान पुढेमागे हलवत पोहत होते. "हे आपले वारकरी!" बाबा म्हणाले. खरंच तेच होते. उजनीच्या पाण्यावर थंडीत ज्यांना आम्ही लहानपणापासून बघत आलो, कुणी चांदवा म्हणतं, कुणी वारकरी, त्याच जातीचे. इथे ते काठच्या बोरूच्या गवतात घरटं करतात. लाल डोक्याची चार पिल्लं आईच्या मागे धडपडत होती. उजनीवर बाबांनी पिल्लं कधी पाहिली नव्हती. अर्धा तास ते बाकावरून हलले नाहीत. तो अर्धा तास मला त्या सगळ्या सहलीत सर्वांत मोलाचा वाटतो.

पाणी इतकं स्वच्छ कसं, हे त्यांनी विचारलं तेव्हा मला शोधावं लागलं. एकेकाळी ते तसं नव्हतं. १९८१पासून हाफेल नदीचं पाणी फॉस्फेट काढून या तळ्यात सोडतात, त्यातून ते सुधारलं.

आता खटकणाऱ्या गोष्टी. उन्हाळ्यातल्या शनिवारी-रविवारी इथे जत्रा असते आणि पळणारे लोक अगदी अंगाला घासून जातात. शक्यतो मधल्या वारी सकाळी जा. वाट वाळू-खडीची आहे, काही ठिकाणी मुळं वर आलेली आहेत, पण काठी टेकत चालणाऱ्याला जमते. आणखी एक, जे कुणी आधी सांगत नाही: या देशात तळ्याकाठी कपडे न घालता पोहणं अनेकांना सहज वाटतं. इथे एखाद-दुसरं माणूस दिसू शकतं. जवळच्या टॉयफेल्सझेला मात्र तो रिवाजच आहे, तिथे आई-बाबांना न्यायच्या आधी विचार करा.

त्याच माळेतल्या ग्रुनेवाल्डझेबद्दल सासूबाईंच्या वतीने सांगते. जागा सुंदर आहे, काठावर १५४२ सालचा शिकारवाडा आहे. पण तो भाग कुत्र्यांना मोकळं सोडण्यासाठीच राखलेला आहे. मला हे माहीत नव्हतं. पहिल्या वळणावर ओली झालेली तीन मोठी कुत्री धावत आली आणि सासूबाईंनी माझा दंड असा धरला की संध्याकाळी बोटांचे वळ दिसत होते. आम्ही तिथूनच परतलो. कुत्री आवडणाऱ्यांनी जरूर जावं.

दुसरा पर्याय लीपनित्सझे, आणि मनापासून विचाराल तर माझा जीव या तळ्यात आहे. शहराच्या उत्तरेला, वांडलित्स गावाजवळ. कारोवला एस-बानमधून उतरून आरबी २७ ही छोटी गाडी घ्यायची, वांडलित्सझे स्टेशनला उतरायचं. तिकीट एबीसी, म्हणजे शहराबाहेरच्या सी विभागासकट लागतं. स्टेशनासमोरच एक तळं दिसतं आणि सगळे पाहुणे तिथेच फसतात. ते वांडलित्सझे, लीपनित्स नव्हे. आपल्याला जंगलातून आणखी अर्धा तास चालायचं आहे.

हे जंगल बीचचं. बीचचं खोड हत्तीच्या पायासारखं राखाडी असतं, पण हाताला गुळगुळीत लागतं. आईने चालता चालता प्रत्येक खोडावर तळवा टेकवला, देवळातल्या खांबाला टेकवावा तसा. मेच्या सुरुवातीला पालवी इतकी कोवळी असते की तिच्यातून येणारं ऊनसुद्धा हिरवं पडतं. पाण्याचा रंग काठाशी हिरवट-निळा. मधे झाडांनी भरलेलं बेट आहे, उन्हाळ्यात तिथे जायला होडी असते. पूर्ण फेरा आठ-नऊ किलोमीटरचा, त्यात स्टेशनपर्यंतचं जाणं-येणं वेगळं. म्हणजे चार तास धरा, थांबे धरून पाच.

इथेच विचार करावा लागतो. वाट बहुतेक सपाट आहे, पण काठाकाठाने मुळं फार आहेत आणि काही ठिकाणी छोटे चढ-उतार आहेत. एकदा तळ्याच्या पलीकडच्या बाजूला गेलात की परत फिरा नाहीतर पुरं करा, एवढेच दोन मार्ग उरतात. म्हणून आईसोबत आम्ही फेरा केलाच नाही. दक्षिण काठाने तासभर गेलो, चटई टाकली, दहीभात खाल्ला आणि आल्या वाटेने परतलो. बाबांना घेऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले आणि पूर्ण फेरा केला. या जंगलाच्या कुशीतच १९६० ते १९८९ या काळात पूर्व जर्मनीच्या बड्या नेत्यांची भिंतीआडची वसाहत होती. बाबांना त्याची गोष्ट फार आवडली, आईला झाडं.

म्युगलझे बर्लिनमधलं सर्वांत मोठं तळं, जवळपास साडेसात चौरस किलोमीटर. बघायला भव्य, समुद्रासारखं. एस ३ने फ्रीडरिशहागेनला उतरून ट्राम घेता येते किंवा दुकानं बघत सरळ रस्त्याने चालत जाता येतं. मात्र पलीकडच्या जंगलात जायला श्प्रे नदीखालचा १९२७ सालचा बोगदा लागतो आणि त्याला दोन्ही बाजूंना जिने आहेत. गुडघेदुखीवाल्यांनी अलीकडेच बसून बोटी बघाव्यात. जिने चढता येत असतील तर पुढची वाट या सगळ्या ठिकाणांत सर्वांत सपाट आहे.

आणि श्टेखलिनझे. हे बर्लिनपासून दूर, आरई ५ या लांब पल्ल्याच्या प्रादेशिक गाडीने फ्युर्स्टनबेर्ग आणि तिथून बसने नॉयग्लोब्झो. सुमारे ७० मीटर खोल तळं, भोवती सलग जंगल, फेरा सोळा किलोमीटरच्या आसपास. तळ्याच्या तळाशी तांबडा कोंबडा राहतो आणि कुणी त्याला डिवचलं तर तो वर येऊन होड्या बुडवतो, अशी जुनी दंतकथा आहे. आपल्या गावच्या राखणदाराची आठवण होते. धुरावलेला मारेनं नावाचा मासा गावात मिळतो, मासे खाणाऱ्यांनी तो चुकवू नये. पण बस कमी आहेत, शनिवार-रविवारी तर वेळापत्रक बघितल्याशिवाय पाऊल उचलू नका. आई-बाबांसाठी इथे गावातून काठाने तासभर जाऊन परत येणं पुरे. मी बाबांनाही पूर्ण फेऱ्याला नेलं नाही.

कुठेही जा, पायघोळ पँट आणि मोजे घाला. गवतात गोचिडी असतात, घरी आल्यावर गुडघ्यामागे आणि काखेत बघायचं. साडी नेसणाऱ्या आईला हे पटवणं अवघड जातं. माझ्या आईने शेवटी सलवार घातली. जूनमध्ये संध्याकाळी डासही असतात, म्हणून सकाळच बरी.

सप्टेंबरमध्ये आमचे काका-काकू येताहेत. काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आहे, त्यांना क्रुमे लांकेचा छोटा फेरा आणि जिथे वारकरी दिसतात तो बाक. काकांना मात्र मी लीपनित्सलाच नेणार, दोन थर्मास आणि मोठी चटई घेऊन.