कपाटातल्या कोळशाच्या पिशव्या, गोव्याच्या पावसात दोन महिने वापरून

आमचं घर फोंड्याला, जुनं, चिऱ्याच्या भिंती, पाऊस लागला की कपाटं उघडताच कुबट वास ठरलेला. म्हणून यंदा जूनमध्ये अ‍ॅक्टिव्हेटेड चारकोलच्या चार पिशव्या ऑनलाइन मागवल्या, नारळाच्या करवंटीचा कोळसा, प्रत्येकी २०० ग्रॅम. एमेस्सीला माझा प्रोजेक्ट अ‍ॅडसॉर्प्शनवरच होता, म्हणजे रेणू घन पदार्थाच्या पृष्ठभागाला चिकटतात त्यावर, त्यामुळे जरा जास्तच बारीक लक्ष ठेवलं.

माल चांगला आहे, दाणे कडक, हाताला काळं फार लागत नाही. पहिले दहा-बारा दिवस आईच्या नऊवारींच्या कपाटातला वास खरंच गेला. जुलैच्या मध्यावर मात्र परत यायला लागला, मग पिशवी किचनच्या वजनकाट्यावर ठेवली तर २४७ ग्रॅम! आली तेव्हा २०२ होती. वर चढलेलं जवळजवळ सगळं पाणीच.

कसं आहे, वासाचे रेणू कोळशाच्या भोकांच्या भिंतींना नुसते चिकटतात, रासायनिक बंध वगैरे काही होत नाही, ओढ अगदी कमजोर असते, पण करवंटीच्या कोळशातली बरीचशी भोकं २ नॅनोमीटरपेक्षाही लहान, त्यात सगळीकडच्या भिंती एकाच रेणूला ओढतात म्हणून तो टिकून राहतो. पाकिटावर एका ग्रॅमला १००० चौरस मीटर असं छापलंय, भावाला ती थाप वाटली, पण चांगल्या कोळशाच्या आतल्या भोकांच्या भिंती धरून क्षेत्रफळ तेवढं असतं. आणि ते मोजतात पण ह्याच कमजोर चिकटण्यावरून, नमुना आधी व्हॅक्यूममध्ये तापवून साफ करायचा, मग उणे १९६ डिग्रीला नायट्रोजन सोडायचा, किती चिकटला ते बघायचं आणि ब्रुनॉवर, एमेट, टेलर ह्यांच्या १९३८ च्या समीकरणात घालायचं. आमचा निम्मा वेळ त्या साफ करण्यातच जायचा कारण आत पाणी राहिलं की आकडा खोटा येतो.

कपाटात तेच झालं. कोरड्या हवेत कोळसा पाण्याला विचारत नाही, पण हवा दमट झाली की एका टप्प्यानंतर भोकं पाण्याने भराभर भरतात आणि वासाला जागाच उरत नाही. पाकिटावर लिहिलंय महिन्यातून एकदा दोन तास उन्हात ठेवा. जुलैत आमच्याकडे दोन तास ऊन कुठून आणायचं, ही सूचना कोकणपट्टीसाठी बदलायलाच हवी.

मी शिलाई उसवली, दाणे स्टीलच्या ताटात पसरले आणि ओटीजीत, म्हणजे घरच्या छोट्या ओव्हनमध्ये, ११० डिग्रीला दोन तास ठेवले. दार उघडलं तर किचनभर तोच कपाटाचा कुबट वास, इतका आनंद झाला मला! नुसतं चिकटलेलं होतं ते उष्णतेने सुटलं. वजन २०५ वर आलं, पिशवी परत शिवून ठेवली आणि कपाट पुन्हा ठीक. आता दर दहा दिवसांनी हेच करते, खिडक्या मात्र सगळ्या उघड्या ठेवून. सोबत सिलिका जेलची वाटी ठेवलीये, पाणी बरंचसं ते घेतं, भगवे दाणे घ्या, निळ्यात कोबाल्ट क्लोराइड असतं ते घरात नको.

साडेतीन स्टार देते. पिशवीला शिलाईऐवजी चेन असती तर चार दिले असते, दर वेळी सुईदोरा घेऊन बसायला लागतं.