कंटेंट टाइपसाठी वर्डप्रेस घ्यावं की ड्रुपल?

साइटवर नुसता ब्लॉग नाहीये, कार्यक्रम, वक्ते, अहवाल असे वेगवेगळे प्रकार हवेत, मग वर्डप्रेसमध्ये कस्टम पोस्ट टाइप (मजकुराचे आपले वेगळे प्रकार) करायचे की सरळ ड्रुपल घ्यायचं? दोन्ही वेबसाइट बनवायची सॉफ्टवेअर्स, दोन्ही वापरलंय, आता नवीन काम आलं तर माझा कल ड्रुपलकडे जातो. का ते सांगतो.

वर्डप्रेसमध्ये काम पटकन होतं हे मान्यच. २०१० च्या ३.० व्हर्जनपासून पोस्ट टाइप करणं सोपं झालंय, थोडा कोड टाकला की डाव्या मेनूत 'कार्यक्रम' दिसायला लागतो (पर्मालिंक, म्हणजे पानांच्या पत्त्यांची सेटिंग, एकदा परत सेव्ह करा, नाहीतर ४०४, म्हणजे 'पान सापडलं नाही' येईल) आणि मजकूर भरणाऱ्याला स्क्रीन ओळखीचीच असते.

गोची वेगळीच आहे. हा प्रकार थीमच्या (साइटचं डिझाइन) किंवा प्लगिनच्या (वरून जोडलेली सुविधा) कोडमधून दर वेळी नव्याने रजिस्टर होतो, तो कोड चालला नाही तर वर्डप्रेसच्या लेखी तो प्रकारच नाही. माझ्याकडे एक साइट आली होती, आधीच्या डेव्हलपरने कार्यक्रमांचा पोस्ट टाइप थीममध्येच लिहून ठेवलेला. डिझाइन नवं हवं म्हणून थीम बदलली तर मेनूतून कार्यक्रम गायब आणि जुन्या लिंक्स सगळ्या ४०४, डेटाबेसमध्ये मात्र सगळं जागच्या जागी. पोस्ट टाइप वेगळ्या छोट्या प्लगिनमध्ये ठेवला की हे होत नाही, जाणकार तसंच करतात, पण साइटची रचना टिकणार की नाही हे कुणाच्या तरी शिस्तीवर अवलंबून राहतं आणि मला तेच सगळ्यात जास्त खटकतं.

ड्रुपलमध्ये कंटेंट टाइप (मजकुराचा प्रकार) आणि त्याची फील्ड्स (माहितीचे रकाने) ही साइटची कॉन्फिगरेशन असते, थीमशी काही संबंधच नाही. तारखेला तारखेचं फील्ड, वक्त्यासाठी दुसऱ्या नोडचा (ड्रुपलमधली एक नोंद) रेफरन्स, आणि फील्डचा प्रकार देणारं मॉड्यूल (ड्रुपलचं प्लगिन) काढायला गेलात तर ते फील्ड वापरात असेपर्यंत ड्रुपल काढूच देत नाही. शिवाय २०१५ च्या ८ व्हर्जनपासून ही सगळी रचना यामल (YAML) नावाच्या साध्या मजकूर फाइल्समध्ये एक्स्पोर्ट होते, त्या गिटमध्ये (फाइल्समधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) ठेवल्या की कुणी कधी काय बदललं ते दिसतं.

त्रास ड्रुपलमध्येही आहेच. फील्डमध्ये एकदा डेटा भरला की त्याचा प्रकार बदलता येत नाही, साधा टेक्स्ट ठेवला आणि नंतर तिथे टॅक्सॉनॉमी (ठरवलेल्या वर्गांची यादी) हवी झाली तर नवं फील्ड करून डेटा हलवत बसा. त्यामुळे सुरुवातीला जरा जास्त वेळ जातो, आणि शिकायलाही जड आहे.

एक-दोनच प्रकार असतील आणि साइट एकटा माणूस बघणार असेल तर माझ्या मते वर्डप्रेस पुरेल. प्रकार एकमेकांना जोडलेले असतील, साइट पुढे दुसऱ्यांच्या हातात जाणार असेल तर ड्रुपलचा सुरुवातीचा त्रास घ्याच. आणि वर्डप्रेसच ठरलं तर पोस्ट टाइप थीममध्ये टाकायचा नाही हे डेव्हलपरला काम देतानाच सांगून ठेवा.