नवऱ्याची दिवाळखोरी, बायकोची सही : तालुका विधी सेवा कितपत कामाची?

पाचपैकी साडेतीन. सल्ल्याला चार, पुढच्या कोर्टकामाला तीन.

विधी सेवा समितीचं ऑफिस तालुका कोर्टाच्या आवारातच असतं. बाईला इथे वकील फुकट मिळतो, मग घरचं उत्पन्न कितीही असो. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम 12 तसंच आहे. टेबलावर उत्पन्नाचा दाखला मागितला तर तहसीलच्या चकरा मारत बसू नका, कलम दाखवा. कोर्ट फीचाही बोजा समितीच उचलते.

जाताना आधार, सातबारा, आठ-अ घ्या. पण पासबुकापेक्षा कर्जाच्या करारनाम्याची झेरॉक्स महत्त्वाची, कारण सगळं गाडं बायकोच्या सहीवर अडतं. नुसतं लग्न झालं म्हणून नवऱ्याचं कर्ज तिच्या डोक्यावर येत नाही. ती सहकर्जदार किंवा जामीनदार असेल तर मात्र कोर्टाने नवऱ्याला मोकळं केलं तरी बँक तिला सोडत नाही (1920 चा प्रांतिक नादारी कायदा, कलम 44; नादारी म्हणजे दिवाळखोरीच). ‘घरचीबी एक सही लागते’ म्हणून घेतलेली सही कित्येकदा जामीनदाराच्या रकान्यात निघते. चांगला वकील पहिल्यांदा तोच रकाना पाहतो.

हो, कायदा 1920 चाच. 2016 च्या नव्या दिवाळखोरी संहितेतला व्यक्तींचा भाग कंपन्यांच्या जामीनदारांपलीकडे अजून लागू झालेला नाही. सेवेची कमजोरी इथेच आहे. फौजदारी आणि पोटगी रोज हाताळणाऱ्या पॅनेल वकिलाकडे (समितीच्या यादीवरच्या वकिलाकडे) नादारीचा अर्ज क्वचितच येतो, त्यात तो साधारण जिल्ह्याच्या कोर्टात चालतो. तेव्हा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडूनच वकील मागावा.

नादारीत काय वाचतं? अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धर्मरीतीप्रमाणे बाईला उतरवता येत नाहीत असे दागिने. कास्तकाराचं राहतं घर, अवजारं, गरजेपुरती बैलजोडी आणि बियाणं. गहाण पडलेल्या वावराला हे कवच नाही. बायकोचं स्त्रीधन तिचंच असतं, पण सोन्याचं बिल नवऱ्याच्या नावाचं असेल तर रिसीव्हर (नादाराची मालमत्ता ताब्यात घ्यायला कोर्टाने नेमलेला माणूस) प्रश्न विचारणारच. माहेरच्या पावत्या, लग्नातले फोटो जपून ठेवा. नवऱ्याने स्वतःच्या आयुष्यावर बायकोच्या नावे 1874 च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली विमा काढला असेल, तर तोही धनकोंच्या हाती लागत नाही. साधं नॉमिनेशन म्हणजे हे संरक्षण नव्हे.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो वावर बायकोच्या नावावर करण्यात. ‘अर्ज टाकायच्या आधी बक्षीसपत्र करून घ्या’ हा पारावरचा सल्ला घातक आहे. हस्तांतरणानंतर दोन वर्षांच्या आत नादारीचा अर्ज पडला आणि त्यावर नवरा नादार ठरला, तर रिसीव्हर ते बक्षीसपत्र रद्द करवून घेऊ शकतो (कलम 53). हे सल्ल्याच्या पहिल्याच बैठकीत सांगायला हवं. ते न सांगणारा वकील बदलून मागा, अर्ज लेखी द्या, पोच घ्या.

नादार ठरल्यावर कर्जमुक्तीचा वेगळा अर्ज कोर्टाने दिलेल्या मुदतीत करावा लागतो, नाहीतर नादारीचा आदेशच रद्द होतो. तोवर नवऱ्याने स्वतःची नादारी न सांगता 50 रुपये किंवा त्याहून जास्त उधार घेतलं तर तो गुन्हा आहे. म्हणजे कृषी केंद्रातून त्याच्या नावावर युरियाचं एक पोतं मांडलं तरी. तेव्हा खरिपाची खरेदी रोखीने, नाहीतर बायकोच्या स्वतःच्या खात्यावर.