इंग्रजी लेखनासाठी आंतरजालावर मिळणारी मदत : कोणती घ्यावी आणि कशासाठी

नवी मुंबईच्या ऐरोली-महापे पट्ट्यातल्या कार्यालयांत मराठी माध्यमातून शिकून आलेले अनेक जण इंग्रजी सहज वाचतात, बैठकीत बोलूनही निभावतात. अडखळतात ते लिहिताना. ग्राहकाला जाणारे ईमेल, वर्षअखेरीस स्वतःच्या कामाचे करायचे मूल्यमापन, किंवा ठाण्यात नौपाड्यातल्या जुन्या सोसायटीच्या पुनर्विकासाबाबत विकासकाला पाठवायचे पत्र, असे काही समोर आले की शंका सुरू होतात आणि विचारायला जवळ कोणी नसते. अशा वेळी उपयोगी पडणारी मोफत संकेतस्थळे मी बराच काळ वापरत आलो आहे आणि नव्या सहकाऱ्यांनाही सुचवत असतो.

माझ्या मते पहिला मान शब्दकोशाचा. मात्र तो इंग्रजी-मराठी नव्हे, तर परभाषक विद्यार्थ्यांसाठी मुद्दाम रचलेला इंग्रजी-इंग्रजी कोश हवा. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि लाँगमन या तिघांचेही असे कोश आंतरजालावर पाहता येतात. यांतल्या ऑक्सफर्डच्या कोशाचे मूळ जपानमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या ए. एस. हॉर्नबी यांच्या कामात आहे. त्यांचा कोश १९४२ साली टोकियोत छापला गेला आणि १९४८ साली ऑक्सफर्डने तो प्रकाशित केला. अर्थाबरोबरच क्रियापदानंतर वाक्याची मांडणी कशी होते हे सांगण्यावर हॉर्नबी यांचा भर होता, आणि आपल्याला नेमकी तीच माहिती हवी असते. ‘मला समजावून सांगा’ या सवयीने आपण ‘एक्सप्लेन मी’ लिहून जातो. कोशात ‘एक्सप्लेन’ उघडले की ‘समथिंग टू समबडी’ ही रचना ठळकपणे दिलेली दिसते आणि शंका तिथेच मिटते. ‘उपकरणे’ म्हणण्याची सवय असल्यामुळे लिहिले जाणारे ‘इक्विपमेंट्स’ हेही तसेच. नामाशेजारी ते मोजता येणारे आहे की न येणारे, याची खूण हे कोश देतात. लाँगमनचा विशेष असा की त्यातल्या व्याख्या सुमारे २,००० सोप्या शब्दांच्या मर्यादेत लिहिलेल्या आहेत, त्यामुळे एका शब्दाचा अर्थ कळण्यासाठी आणखी चार शब्द शोधावे लागत नाहीत.

व्याकरणासाठी मी केंब्रिजच्याच संकेतस्थळावरचा व्याकरण-विभाग सर्वांत वर ठेवतो. तिथे नियम थोडक्यात सांगून भरपूर उदाहरणे दिली आहेत, आणि अनेक पानांवर नेहमी होणाऱ्या चुकांचा वेगळा भाग आहे. मराठीत ‘अ’, ‘ॲन’, ‘द’ यांच्या जोडीचे काही नसल्यामुळे आपल्या लेखनात ते एक तर गळतात किंवा नको तिथे येतात. या प्रकारची चूक केवळ कानाला बरे वाटते की नाही यावर सुधारत नाही. त्यासाठी ते पान शांतपणे वाचावे आणि आपलेच एखादे जुने पत्र समोर घेऊन त्यातले प्रत्येक नाम तपासावे. कंटाळवाणे काम आहे, पण त्याचा गुण निश्चित येतो. क्रमवार अभ्यास करायचा असेल तर ब्रिटिश कौन्सिलच्या ‘लर्नइंग्लिश’वर पातळीनुसार लेखनाचे नमुने आणि त्यांवरचे स्वाध्याय आहेत. बीबीसीचा सहा मिनिटांचा इंग्रजीचा कार्यक्रम ठाण्याहून ऐरोलीला लोकलने जाताना ऐकता येतो. त्याची लिखित संहिताही मिळते, आणि लेखन सुधारायचे असेल तर ती वाचणे अधिक महत्त्वाचे.

शैलीच्या बाबतीत मात्र आपल्याकडे फारच दुर्लक्ष झाले आहे. सोसायट्यांची आणि कार्यालयांची इंग्रजी पत्रे पाहिली की ‘काइंडली डू द नीडफुल’सारखी जुन्या सरकारी वळणाची वाक्ये अजूनही पानोपानी भेटतात, आणि नक्की काय करायचे, कोणी आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे मात्र कुठेच सापडत नाही. ब्रिटनमध्ये १९७९ साली सुरू झालेल्या प्लेन इंग्लिश कॅम्पेनच्या मोफत पुस्तिका यासाठी अवश्य वाचाव्यात. सरासरी पंधरा ते वीस शब्दांचे वाक्य ठेवा, कर्तरी प्रयोग वापरा, ‘कमेन्स’ऐवजी ‘स्टार्ट’ आणि ‘प्रायर टू’ऐवजी ‘बिफोर’ लिहा, असा त्यांचा साधा आग्रह आहे. विकासकाला पाठवायच्या पत्रात भाडे, ताबा आणि मुदत यांसारखे हक्काचे मुद्दे असतात. तिथे भारदस्त शब्दांत झाकलेले वाक्य सभासदांचे थेट नुकसान करू शकते, म्हणून हा आग्रह मला केवळ सौंदर्याचा वाटत नाही.

शोधनिबंध किंवा एमबीएचा प्रकल्प लिहिणाऱ्यांनी अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाची ऑनलाइन रायटिंग लॅब पाहावी. १९९४ पासून आंतरजालावर असलेल्या या संग्रहात संदर्भ देण्याच्या एपीए आणि एमएलए पद्धती नमुन्यांसह समजावल्या आहेत. मात्र तिथले वर्णलेखन आणि काही विरामचिन्हे अमेरिकी वळणाची असतात, तर आपल्याकडे शाळेपासून ब्रिटिश वळण शिकवले जाते. एकाच लेखात दोन्हींची सरमिसळ होऊ देऊ नये.

शेवटी, लिहितालिहिता चुका दाखवणाऱ्या संगणकीय तपासनिसांविषयी. गळलेले अक्षर किंवा कर्ता-क्रियापदाचा विसंवाद ते पटकन पकडतात, पण सुचवलेला बदल आपल्या अर्थाला धरून आहे की नाही हे लिहिणाऱ्यानेच ठरवावे लागते, आणि त्यासाठी वरचे कोश व व्याकरण हाताशी असावेच लागतात. दुसरी गोष्ट गोपनीयतेची : यांतल्या बहुतेक सेवांमध्ये आपला मजकूर त्यांच्या सर्व्हरवर जातो, त्यामुळे ग्राहकाचा करार किंवा पगाराचे तपशील त्यात चिकटवण्यापूर्वी कार्यालयाचा नियम विचारून घ्यावा. लँग्वेजटूल हे मुक्तस्रोत साधन स्वतःच्या संगणकावरही चालवता येते, आणि ब्रिटिश की अमेरिकी इंग्रजी हेही त्यात निवडता येते. अशी कागदपत्रे सतत हाताळणाऱ्यांनी कार्यालयातल्या संगणक विभागाला सांगून ते बसवून घ्यावे.