केओओएस प्रश्नावली: काही महिने पेशंटकडून भरून घेतल्यानंतरचा अनुभव
गुडघ्याच्या पेशंटला कसं आहे विचारलं की बहुतेक जण 'बरंय' म्हणतात आणि त्यावरून पुढचा व्यायाम काही ठरवता येत नाही, म्हणून मी केओओएस ही गुडघ्याच्या त्रासाची प्रश्नावली (सगळे कूस म्हणतात) भरून घ्यायला लागले. ४२ प्रश्न, पाच भाग: दुखणं, सूज-आखडणं वगैरे लक्षणं, रोजची कामं, खेळ, आणि गुडघ्यामुळे एकूण जगण्यावर झालेला परिणाम. मागच्या आठवड्याचं आठवून प्रत्येकाला ० ते ४ द्यायचे. प्रश्नात ४ म्हणजे सगळ्यात जास्त त्रास, पण शेवटच्या स्कोअरमध्ये १०० म्हणजे त्रासच नाही, हे पेशंटला आधीच सांगा नाहीतर आकडा बघून घाबरतात.

मला सगळ्यात आवडलं ते हे की पाचही स्कोअर वेगळे ठेवायचे असतात. लिगामेंटचं ऑपरेशन झालेला तरुण पोरगा घ्या, जिना, चालणं, मोजे घालणं सगळं जमतं, रोजच्या कामांत जवळजवळ पूर्ण मार्क, पण उडी मारणं, वळणं, आणि गुडघ्यावर भरवसा किती या प्रश्नांना तो खाली येतो. त्याची खरी अडचण तिथेच आहे! काही जण एक्सेलमध्ये पाचांची सरासरी काढतात, प्लीज नका काढू, नेमकं हेच त्यात बुडून जातं.

वयस्कर लोक खेळाच्या भागात अडतात, मी धावतच नाही तर काय लिहू म्हणतात. जबरदस्ती करू नका, त्या भागातले निम्मे प्रश्न भरलेले असले तरी स्कोअर निघतो. आणि फॉर्म मुलाला-सुनेला भरू देऊ नका, ते स्वतःला वाटतं ते लिहितात.

दोन-तीन पॉइंटच्या फरकावर काही ठरवू नका, साधारण ८ ते १० पॉइंटचा बदल अर्थपूर्ण धरतात. आणि नुसत्या फॉर्मवर अजिबात विसंबू नका. सांधा बदलल्यावर दुखणं कमी झालं की लोक कामांनाही चांगले मार्क देऊन टाकतात, मांडीचा स्नायू मात्र अजून कमजोरच असतो. म्हणून मी सोबत ३० सेकंदांत खुर्चीतून किती वेळा उठता येतं तेही मोजते, दोन्हींत तफावत दिसली की ताकदीचा व्यायाम थांबवत नाही.

४२ प्रश्नांना कंटाळणाऱ्यांना, खास करून सांधा बदललेल्यांना, ऑक्सफर्ड नी (म्हणजे गुडघा) स्कोअर ही दुसरी छोटी प्रश्नावली देते. १२च प्रश्न, ० ते ४८, पटकन होतो. फक्त त्यात मागचे चार आठवडे विचारतात, त्यामुळे दर आठवड्याची प्रगती बघायला तो चालत नाही.