रेझिन आणि मणी : चौदा महिन्यांत काय टिकलं, काय सुटलं

मागच्या वर्षी फेब्रुवारीत मी रेझिनचा, म्हणजे साच्यात ओतून कडक होऊ द्यायच्या द्रवाचा, पहिला संच मागवला. आता एप्रिल संपत आलाय. या चौदा महिन्यांत साठच्या वर वस्तू हातून झाल्या: कानातली, पदकं, तीन बांगड्या, मण्यांचे पट्टे आणि दोन नथी. बहुतेक घरात, शेजारी आणि मैत्रिणींत वाटल्या. त्यातल्या बावीस दुरुस्तीला परत आल्या आणि प्रत्येक वेळी नेमकं काय बिघडलं ते मी वहीत लिहून ठेवलं. रेझिन तडकलं म्हणून आलेली वस्तू एकच, तीही फरशीवर पडलेली. बाकी जवळपास सगळ्या सांध्यांत गेल्या. कुठे जंप रिंग (दोन भाग जोडणारी तारेची छोटी कडी) उघडली, कुठे मागची चकती निघाली, कुठे तंगूस तुटला, कुठे गाठ सुटली.

हे आधी सांगते, कारण सुरुवातीला माझे जवळजवळ सगळे पैसे रेझिन, रंग आणि साचे यांत गेले. हुक आणि रिंगा मात्र संचासोबत आलेल्याच वापरल्या. त्या रिंगांची तार इतकी मऊ होती की केसांत अडकली तरी फाकायची. आता मी 20 गेजची, म्हणजे साधारण 0.8 मिलिमीटर जाडीची स्टेनलेस स्टीलची रिंग वापरते. ती उघडताना टोकं एकमेकांपासून लांब ओढायची नाहीत. एक टोक आपल्याकडे, दुसरं पलीकडे, असं पिळायचं. ओढली की गोलाई जाते, मग कितीही दाबा, फट राहतेच. यासाठी दोन पकडी लागतात. संचात एकच होती आणि मी चार महिने तेवढ्यावरच काम रेटलं.

कानातल्या टॉप्सची गोष्ट वेगळी. रेझिनची पाठ गुळगुळीत, दांडीची चकतीही गुळगुळीत, त्यामुळे गोंद धरतच नाही. दोन्ही बाजू 400 नंबरच्या वॉटर पेपरने खरवडायच्या, स्पिरिटने पुसायच्या, मग चिकटवायचं. हे सुरू केल्यापासून एकही चकती निघालेली नाही. लोंबत्या कानातल्यांना मी हाताने फिरवायच्या छोट्या ड्रिलने 1 मिलिमीटरचं भोक पाडते आणि त्यात मळसूत्री पिन थेंबभर रेझिन लावून बसवते.

माझ्या जाऊबाईंच्या कानाची पाळी त्या फुकटच्या हुकांनी दोन दिवसांत लाल होऊन खाजायला लागली. निकेल असलेल्या मिश्रधातूचा त्रास अनेकांना होतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. त्यांनी तक्रार केली नाही, नुसती कानातली काढून ठेवली, आणि मला ते महिन्याने कळलं. आता कानात जाणारा भाग मी 92.5 चांदीचाच घेते. जोडामागे खर्च वाढतो, पण दुसऱ्याच्या कानात घालायची वस्तू आहे, तिथे काटकसर करावीशी वाटत नाही.

आता रेझिन. त्यात हार्डनर, म्हणजे ते कडक करणारा दुसरा द्रव, मिसळावा लागतो. माझ्या पहिल्या बाटलीवर दोन भाग रेझिनला एक भाग हार्डनर, 2:1 असं प्रमाण होतं आणि ते वजनाचं होतं. मी कपावरच्या खुणांनी घेतलं. रेझिन हार्डनरपेक्षा जड असतं, त्यामुळे मापाने दोनास एक घेतलं की वजनात हार्डनर कमी पडतो. पहिले सहा जोड तीन दिवसांनीही बोटाला चिकटत होते. टाकून द्यावे लागले. एका जोडाला लागतं किती, तर 4 ग्रॅम रेझिन आणि 2 ग्रॅम हार्डनर. तिथे अर्धा ग्रॅम इकडेतिकडे झाला तर हार्डनर एक चतुर्थांशाने चुकतो. म्हणून 0.01 ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल काटा घेतला. या छंदातली माझी सगळ्यात उपयोगी खरेदी तीच. मिश्रण तीन-चार मिनिटं हळू ढवळायचं, कपाच्या कडा आणि तळ खरवडत. मग ते दुसऱ्या कोरड्या कपात ओतून पुन्हा थोडं ढवळायचं, कारण पहिल्या कपाच्या कडेला न मिसळलेला थर राहतोच. बुडबुड्यांसाठी रेझिनची बाटली आधी दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवते. लायटरची ज्योत वरून एकदाच झरकन फिरवायची. रेंगाळली की सिलिकॉनचा साचा खराब होतो.

साच्यातून चोवीस तासांत वस्तू निघते म्हणून ती तयार झाली असं नाही. पूर्ण कडक व्हायला माझ्याकडे 72 तास लागतात. चोवीस तासांत भेट दिलेल्या एका पदकावर नखाचा ठसा कायमचा उमटलाय. आणि पूर्ण कडक झालेलं रेझिनही उन्हात मऊ पडतं. मे महिन्यात बंद गाडीत राहिलेली बांगडी अंड्याच्या आकाराची झाली. साधं रेझिन 50-60 अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं आणि उन्हातल्या बंद गाडीत तेवढं तापमान सहज होतं. तेव्हापासून मी रेझिनच्या बांगड्या करत नाही.

पावसाळ्याबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण मी रत्नागिरीत राहते आणि रेझिनविषयीच्या सगळ्या सूचना कोरड्या हवेतल्या माणसांनी लिहिल्यासारख्या वाटतात. जुलैत माझ्या खोलीतली आर्द्रता 88 टक्के दाखवत होती. ओतलेल्या प्रत्येक वस्तूवर सकाळी पांढरट, मेणासारखा थर. आधी वाटलं, बाटलीच खराब निघाली. मग कळलं की हार्डनरमधल्या अमाइन या रसायनाची हवेतल्या बाष्पाशी आणि कार्बन डायऑक्साइडशी प्रक्रिया होऊन हा थर येतो. तो स्पिरिटने नीट जात नाही, कोमट पाण्याने धुतला जातो. धुवून, 800 आणि मग 2000 नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून घासला की खालचं रेझिन चांगलं निघतं. पण चमक साच्यातून येते तशी येत नाही. वरून पातळ थर द्यावा लागतो, आणि त्या थरावर पुन्हा तेच. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवून पाहिलं, फरक पडला, तरी दहातल्या तीन वस्तू खराब व्हायच्याच. शेवटी ठरवलं की जून ते सप्टेंबर बाटली उघडायची नाही. ते चार महिने मण्यांचे.

यूव्ही रेझिन वेगळं. त्याला हार्डनर लागत नाही, यूव्ही (अतिनील) प्रकाशाच्या दिव्याखाली दोन-तीन मिनिटांत घट्ट होतं आणि हा पांढरा थर त्यावर येत नाही. मात्र थर 2 मिलिमीटरच्या आतच द्यायचा. पांढरा किंवा काळा दाट रंग मिसळला की प्रकाश आत पोहोचत नाही. वरून कडक, आतून ओलं. असं अर्धं ओलं रेझिन कातडीला लागत राहणं चांगलं नाही. दुरुस्ती, छोटे थेंब, वरचा चकचकीत थर एवढ्यासाठीच मी ते ठेवलंय.

हातांबद्दल. पहिले दोन महिने मी मोज्यांशिवाय काम केलं. मनगटावर बारीक पुरळ आलं, मग बोटांच्या बेचक्यांत. त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितलं की एपॉक्सीची किंवा यूव्ही रेझिनमधल्या अ‍ॅक्रिलेटची अ‍ॅलर्जी एकदा जडली की ती आयुष्यभर राहू शकते, पुढे अगदी थोड्याशा संपर्कानेही त्रास होतो. तेव्हापासून नायट्राइलचे मोजे, लेटेक्सचे नाहीत. हात माखला तर साबण आणि पाणी, स्पिरिट नाही. घासकाम नेहमी ओलं, तोंडावर एन-95 मास्क. मास्क धुळीसाठी, वासासाठी खिडकी उघडी आणि पंखा बाहेरच्या दिशेने. कप, काड्या, वाटी या कामाच्याच, स्वयंपाकघरात परत जात नाहीत. उरलेलं रेझिन मोरीत ओतायचं नाही, कपातच कडक होऊ द्यायचं आणि मग कचऱ्यात. घरात लहान मूल असेल आणि दार बंद करता येईल अशी जागा नसेल तर कृपा करून रेझिनऐवजी मण्यांनी सुरुवात करा.

एक प्रयोग मुद्दाम केला. एकाच वेळी ओतलेली बिनरंगी दोन पदकं, एक खिडकीत टांगलं, एक लाकडी डब्यात ठेवलं. नऊ महिन्यांनी खिडकीतलं कोऱ्या चहाच्या रंगाचं झालं. डब्यातलं किंचित पिवळसर, शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही. उघडलेला हार्डनरही बाटलीत पिवळा पडत जातो. म्हणून आता बाटलीवर उघडल्याची तारीख लिहिते आणि सहा महिन्यांनंतर तो फक्त गडद रंगांच्या कामाला वापरते. 1 किलोचा संच स्वस्त पडतो खरा, पण घरच्या छंदाला 300 ग्रॅम पुरे.

मणी मला आत्याने शिकवले. ती सत्तरीतली आहे. तिच्या तरुणपणी वाडीतल्या बायका काळी पोत तुटली की तिच्याकडे आणायच्या. पटवेकऱ्याकडे गाठवून घ्यायला गावात जावं लागे, आणि तोवर गळा मोकळा ठेवायचा नाही. मी केलेला पहिला पट्टा तिने हातात घेतला, दोन्ही टोकं धरून हलकेच ओढला आणि म्हणाली, "अगं, मणी छान आहेत, पण दोरा रडतोय." तंगूस ताणला जातो आणि सैल पडतो, त्यामुळे मण्यांमध्ये फटी दिसत होत्या. शिवाय तंगूसची गाठ आपोआप सरकते आणि वर्षभरात तो ठिसूळ होतो. माझे मणीकामाचे जेवढे दागिने परत आले, त्यातले बहुतेक तंगूसचे होते. आता बारीक मण्यांना विणलेला, मेण लावलेला नायलॉन दोरा दुहेरी घेते आणि मोत्यांना रेशीम. मोत्यांच्या माळेत दर दोन मोत्यांमध्ये गाठ मारायची, म्हणजे दोरा तुटला तरी एकच मोती पडतो आणि मोती एकमेकांवर घासत नाहीत. सुईच्या टोकाने गाठ मोत्यापर्यंत सरकवायची आणि मग सुई काढायची, एवढंच. ते "एवढंच" जमायला मला तीन आठवडे लागले. आत्याला चष्म्याशिवाय जमतं.

मण्यांच्या दर्जात मोठा फरक आहे. पुण्याला गेले की रविवार पेठेतून वजनावर मणी आणते. त्यातले काचेचे बरेच मणी लहानमोठे निघतात, काहींची भोकं बुजलेली, काहींच्या कडा धारदार; त्या कडा दोरा कापतात. माळ ओवायला ते चालतात, आणि हाताने केलेल्या मण्याचं ते थोडं वेडंवाकडं रूप मला आवडतंही. पण विटांच्या बांधकामासारखी ओळीवर ओळ बसवून पट्टा विणायचा असेल तर मणी सारखेच हवेत. तिथे जपानच्या मियुकी कंपनीचे डेलिका नावाचे मणी, 11/0 या बारीक आकाराचे घेते. एका ग्रॅममध्ये साधारण 200 मणी. महाग आहेत, पण निवडण्यात जाणारा वेळ वाचतो आणि नक्षीची रेघ सरळ येते. पैठणीच्या काठावरचा मोर मी याच मण्यांत बसवला. आलेखाच्या वहीत एक चौकट म्हणजे एक मणी धरून आधी रंगवला, दोनदा खोडला, आणि बावीस संध्याकाळी तो पूर्ण केला. त्यावरून हात फिरवला की कापडासारखा लागतो. रेझिनच्या कुठल्याही वस्तूने मला हे सुख दिलेलं नाही.

नथीचा अनुभव थोडक्यात: बारीक पितळी तारेत मोती ओवून आकार पटकन येतो, पण तारेचं टोक आत वळवून मोत्यामागे लपवलं नाही तर नाकाला टोचतं. पहिली नथ याचमुळे परत आली.

खर्च वहीतला आहे, 11,400 रुपये. त्यात साच्यांवर 2,600 गेले आणि पंधरातले चारच साचे मी पुन्हापुन्हा वापरते. साचे वापरून निस्तेज होतात, मग वस्तूही निस्तेज निघते. आज सुरुवात करायची असती तर दोन साचे, 300 ग्रॅम रेझिन, काटा, मोजे, दोन पकडी, चांगल्या रिंगा आणि चांदीचे हुक घेतले असते आणि उरलेले पैसे मणी आणि दोऱ्यासाठी ठेवले असते.

फुलांचं राहिलं. नेच्याची पानं सर्वांत सोपी, पुस्तकात दाबली की हिरवी राहतात. लाल गुलाब काळसर होतो. पांढऱ्या पाकळ्या रेझिनमध्ये जवळजवळ पारदर्शक होतात; प्राजक्ताचं फूल घातलं तेव्हा फक्त केशरी देठ तरंगताना दिसला. आणि मोगरा. मैत्रिणीने तिच्या लग्नातला गजरा माझ्या हवाली केला, त्याचं पदक करून दे म्हणाली. मी कळ्या चार दिवस पुस्तकात दाबून लगेच ओतल्या. मोगऱ्याची कळी जाड, आत ओल राहिली होती. दोन आठवड्यांत कळ्यांभोवती बुडबुडे आणि तपकिरी डाग. तिला ते दाखवताना माझ्या तोंडातून शब्द फुटेना.

गजऱ्याचा उरलेला भाग मी सिलिका जेलच्या डब्यात ठेवला होता. तो तसाच दोन महिने राहू दिला. मग एकेका कळीला पातळ फेविकॉलचा हात दिला, तो पूर्ण वाळू दिला आणि नोव्हेंबरच्या कोरड्या हवेत तीन पातळ थरांत ओतलं. पदक तीन आठवडे माझ्याकडेच ठेवून रोज पाहिलं, मग दिलं. परवा ती भेटली तेव्हा ते गळ्यात होतं. कळ्यांना हलकी पिवळी छटा आलीय, डाग नाहीत. मी साखळी पुढे ओढून रिंगेच्या जोडावर नख फिरवून पाहिलं. फट नव्हती.