घरगुती ईसीजी यंत्र: पावसाळाभर वापरल्यावर

बाबांच्या छातीत अधूनमधून धडधड व्हायची आणि दवाखान्यात पोचेपर्यंत थांबलेली असायची. तिथल्या ईसीजीत मग काही सापडायचं नाही. म्हणून मिरगाच्या आसपास बोटांनी धरायचं एका लीडचं, म्हणजे हृदयातली वीज एकाच दिशेने टिपणारं, यंत्र घेतलं. आता नाताळ जवळ आलाय.

दोन्ही हातांची बोटं धातूच्या पट्ट्यांवर 30 सेकंद ठेवायची, आलेख मोबाइलवर उमटतो. हात टेबलावर टेकलेले हवेत, नाहीतर स्नायूंची थरथर त्यात शिरते. हातांची अदलाबदल झाली तर लाटा उलट्या येतात, म्हणून आईने डाव्या बाजूला नेलपॉलिशचा ठिपका लावलाय. कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत, काम करून बाबांची बोटं राठ झालीत. ती जरा ओली केल्याशिवाय नोंदच लागत नाही.

यंत्राने स्वतः दिलेल्या निकालावर मी फार विसंबत नाही. एखादा ठोका आधी पडला की ते ‘अनिश्चित’ म्हणून मोकळं होतं. आलेख मात्र कामाचा. चतुर्थीला गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधताना धडधड सुरू झाली, तशी बाबांनी तिथेच पाटावर बसून नोंद घेतली. फोंड्याच्या डॉक्टरांनी ती बघून सांगितलं, एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाच्या वरच्या कप्प्यांची अनियमित थरथर) नाही, मधले काही ठोके अवेळी पडताहेत. तरीही इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायला लावला.

जाहिरातीत ‘हृदयाचं आरोग्य घरबसल्या’ म्हणतात, ते मला पटत नाही. ईसीजी हृदयातल्या विजेची नोंद करतो. हृदय रक्त किती ढकलतं, हे इकोत ध्वनिलहरींनी दिसतं. डाव्या जवनिकेत (हृदयाच्या खालच्या डाव्या कप्प्यात) भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्याला किती टक्के बाहेर पडतं, ते इजेक्शन फ्रॅक्शन. साधारण 55 ते 70 ठीक. बाबांचं 60 आलं. यंत्र ‘नॉर्मल’ म्हणत असतानाही हा आकडा घसरलेला असू शकतो.

हार्ट अटॅकसाठी तर हे यंत्र नाहीच. छातीत कळ, घाम, हात भरून येणं असं काही झालं तर पट्टीवर बोटं ठेवत बसू नका, 108 लावा. अटॅक ओळखायला 12 लीडचा, म्हणजे बारा बाजूंनी टिपणारा, ईसीजी लागतो. हार्ट अटॅकसाठीच्या ‘स्टेमी गोवा’ या सरकारी योजनेमुळे तो आरोग्य केंद्रातून बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या) हृदयतज्ज्ञांकडे लगेच पाठवता येतो.

किंमत वसूल झाली, पण धडधड नेहमीची असेल तरच घ्या. नुसत्या काळजीपोटी घेतलंत तर घरातलं माणूस दिवसभर तेच मोजत बसतं. ॲप जुन्या नोंदींसाठी वर्गणी मागतं, म्हणून पीडीएफ त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवून ठेवतो.